मापवही

बाबांच्या मापवहीत हंगेरीच्या राक्षसाची मान
साडेएकवीस इंच आहे.
पुढे पेन्सिलीने: चड्डी काळी, नाडी दुहेरी,
पोटावर बटण नको, तुटतं.
डिलाईल रोडच्या आमच्या आठ बाय दहात
तो मावला नव्हता म्हणतात.
फुटपाथवर उभं करून मापं घेतली,
बाबा स्टुलावर चढले
आणि पाळी सुटलेल्या गिरणीवाल्यांनी
टाळ्या वाजवल्या, बाबांसाठी.

आता टेपला तेवढं काम नसतं.
काल आलेल्या पोराची कंबर एकोणतीस.
नाव प्रज्योत, राहणार नालासोपारा,
रिंगमध्ये ‘व्हेनम’.
त्याला हवाय टोपीचा झगा, काठांना दिव्यांची पट्टी,
बॅटरीला पाठीत खिसा,
आणि झगा एका झटक्यात गळला पाहिजे अंगावरून,
कारण एन्ट्रीला मिळतात
पंचेचाळीसच सेकंद.

बाकावर कासमभाई. वय एक्क्याऐंशी.
वरळीच्या कुस्त्यांची पोस्टरं यांनी चिकटवली,
खळीची बादली सायकलला टांगून, भायखळा ते माहीम.
दिव्यांची पट्टी पाहून
त्यांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला.
“वरातीतला घोडा आहेस काय रे तू?
आमच्या वेळचे पैलवान
बसल्या बैठकीला बोकड संपवायचे.
कान मोडून भजी झालेली.
आणि तो बसऱ्याचा जल्लाद,
बुरखा घालून उतरला की
पहिल्या रांगेतल्या बाया डोळे मिटून घ्यायच्या.”

पोरगा हसला.
त्याचे कान शाबूत आहेत, एकात बाळी.

बसऱ्याचा जल्लाद पान चौतीसवर आहे.
इनास लोपीस, वसई, पापडी.
बुरखा लाल साटीन, आतून मलमल, घाम फार.
उजव्या मनगटपट्टीत चोरकप्पा,
अर्धं ब्लेड मावेल एवढा.
कपाळ फुटायचं ते त्या कप्प्यातून.
रक्त मात्र त्याचंच असायचं.
सोमवारी बुरखा आमच्या मोरीत,
थंड पाण्यात, मीठ घालून.
आई म्हणायची, साटीनचा रंग जातोय,
आणि मी बादलीत बोट बुडवून
कुठला लाल कुठला ते शोधायची.

गप्प बसणार होते.
पण वही काढलीच, कासमभाईंच्या मांडीवर ठेवली.
त्यांचा चष्मा घरी, म्हणून
पोरानेच वाचून दाखवलं,
ब्लेडपाशी जरा अडखळून.

कासमभाईंनी चुना पुसला लुंगीला.
“मला काय सांगतेस?
रविवारी जल्लाद हरायचा.
त्याच्या बदल्याचं पोस्टर
माझ्याकडे शुक्रवारीच छापून आलेलं.
तरी जायचो. घसा फुटेस्तोवर ओरडायचो.
दर वेळी वाटायचं,
आज प्रेसवाला खोटा पडेल.”

मी म्हटलं, हात वर कर.
उजवा गेला.
डावा कानाशी येऊन थांबला
आणि पोराने ओठ चावला.
विरारला, मागच्या महिन्यात, दोरीवरून उडी.
झेलणारा एक पाऊल उशिरा आला.
“ठरलेलं होतं सगळं,” म्हणाला,
“पाऊल सोडून.”

बाबांच्या वहीत मापांखाली एक ओळ असतेच:
गुडघ्याला अस्तर जाड.
वाकवत नाही, मागून उंच.
राक्षसाच्या पानावर सुद्धा आहे,
उजवा खांदा उतरलेला, कोणाला सांगू नये.
मी लिहिलं, डावी बगल सैल, दीड इंच.

कासमभाई उठले. “कुस्ती कुठेय?”
“भांडुपला. मॉलच्या गच्चीवर.”
“पोस्टर?”
“नसतं चाचा, फोनवर येतं.”
त्यांनी अंगठा बोटांवर घासून पाहिला,
खळ राहिली असावी तसा.
“मग हरणार कोण?”

पोरगा झग्याची चेन ओढत होता.
“मीच,” म्हणाला,
“मावशी, दिवे लागतात का बघा ना.”