ठेवू नका, बघतंय

देवगडला आमच्या मच्छीमार सोसायटीत
बर्फाच्या कारखान्याला चिकटलेल्या भिंतीशी टेबल,
टेबलावर फोन.
भिंतीला बारमाही ओल, म्हणून रिसीव्हर
उन्हाळ्यातसुद्धा कानाला गार लागतो.

मिठबावकर तो उचलतात
आणि खाडीपलीकडच्या तरीवाल्याला घालावी तशी हाक घालतात.
वडिलांची तर होती त्यांच्या, तारामुंबरीला.
आवाज वारशात आला, तर गेली.
पलीकडे ओरोसहून डिझेलच्या परताव्याचं विचारणारी
कुणी नवी मुलगी असते, ती घाबरून "सॉरी" म्हणते.
"माका सॉरी कित्याक म्हणाली गो ती?"
मला विचारतात. तेही ओरडून.

कुबल हॅलो म्हणत नाहीत. "कोण?" म्हणतात,
असं, की माणसाला क्षणभर
खरंच प्रश्न पडावा.

निवतकरबाईंचा मोबाइल स्पीकरवर.
त्यांच्या सुनेनं तिसऱ्यांच्या कालवणात टोमॅटो घातला
हे आम्हाला माहीत आहे,
वजनकाट्यावरच्या पोरांना माहीत आहे,
आणि परवा ऑडिटला आलेल्या साहेबांनाही.

पण तांडेल.
तांडेल म्हणतो, "ठेवू नका, बघतंय,"
रिसीव्हर टेबलावर उताणा टाकतो, खेकडा टाकावा तसा,
आणि खरंच बघायला जातो.
वाटेत जेटी आहे. जेटीवर लिलाव आहे.
लिलावात कोणीतरी चहा पाजतो.

मी एक कागद चिकटवला होता भिंतीवर:
नमस्कार म्हणावे. संस्थेचे नाव सांगावे. सावकाश बोलावे.
तिसऱ्या दिवशी "सावकाश"च्या खाली
सुरमईचा भाव लिहिलेला.
ओलीनं कागद आपोआप सुटला, तेव्हा मीही सोडून दिलं.
मग एकच उपाय उरला, पहिल्या रिंगला मीच उचलायचा.
चार वर्षं. डावा कान.

श्रावणात आईच्या मोतीबिंदूसाठी कणकवलीला होते.
काउंटरवर पॉलिसीचा नंबर मागितला,
तो माझ्या ड्रॉवरमध्ये, पंचांगाखाली.
लावला फोन.
सतरा रिंगा मोजल्या. आपला फोन इतका वेळ वाजू शकतो
हे मला माहीतच नव्हतं.
"कोण?" तांडेल.
"मी जोईल."
"ठेवू नका, बघतंय."

आणि मी टेबलावर उताणी पडले.

बर्फाच्या मशीनची घरघर.
कुणीतरी काटा फरफटत नेला.
निवतकरबाईंची सून बोलत होती, आज तिची बाजू बरोबर वाटली.
मग मिठबावकर: "जोईल खंय?"
"रजेर आसा. आवशीचो डोळो."
"मगे फोन कोण उचलतलो?"
"तांडेलान उचलल्यान."
"कोणाचो होतो?"
"माका काय म्हायत."
बशीवर कप ठेवल्याचा आवाज.
मग कुबल, आरामात,
"बरां आसा. ती फोनवर नमस्कार म्हणता मां,
तेवां समजाचां, समोरच्याचां काम होवचां नाय."
सगळे हसले.
मिठबावकर सुद्धा, आणि हळू.
इतकं हळू त्यांना येतं?

मी "हॅलो" म्हणणार होते.
म्हटलं नाही. परत केलेले फॉर्म आठवत बसले,
प्रत्येकाला गोड आवाजात सांगितलेलं,
एक सही राहिली आहे बरं का, पुढच्या सोमवारी या.
हर्णैहून एसटीनं आलेला तो म्हातारा.
दोन सोमवार.

आई, एका डोळ्यावर पट्टी, म्हणाली,
"कोण बोलता गो?"
"ऑफिस."
"काय म्हणतंत?"
"ठेवू नको म्हणतंत."
"मगे ठेवू नको."

अकरा मिनिटांनी कुणीतरी रिसीव्हर जागेवर ठेवला,
अलगद, बहुधा फडक्यानं टेबल पुसताना.

नंबर मी आठवून सांगितला.
दोन आकडे चुकले.
काउंटरवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली,
नमस्कार मॅडम, सोमवारी या.