पुढच्याचं चाक

अकरा वर्षं मी एकच गोष्ट पाहिली:
पुढच्याचं चाक.
वीतभर अंतर. त्याहून वाढलं
की मधे वारा घुसतो
आणि मग तुम्ही एकटे.
लोक विचारतात, पिरेनीजच्या माथ्यावरून कसं दिसतं?
मला नाही ठाऊक.
मला आन्दोनीचं मागचं टायर ठाऊक आहे,
त्याच्या डाव्या पोटरीवरचा तीळ,
आणि घाटात तो दमला की
आधी खांदा पडायचा, मग वेग.

मी पाणक्या होतो.
मागे गाडीपर्यंत जायचं, पाठीत सहा बाटल्या खुपसायच्या,
पुन्हा पुढे. निकालाच्या यादीत
माझं नाव दुसऱ्या पानावर.
पाय तासलेले, टायर दगडासारखं टणक,
आणि कडेची पांढरी रेघ
सरळ, नाकासमोर,
माणसानं कसं जगावं ते सांगत जाणारी.

मग नोव्हेंबरात, तोलोसाच्या अलीकडे,
लाकडं नेणाऱ्या ट्रकच्या आरशानं
माझं कोपर सोललं.
ड्रायव्हरनं खिडकीतून हात काढून माफी मागितली
आणि थांबला नाही.
नेकानेनं जखम धुतली. बोलली नाही काही.
रात्री सायकल खुंटीला तिनंच टांगली,
माझा हात पोचणार नाही इतकी उंच.
(स्टूल होतं घरात. मी घेतलं नाही.)

आता ही.
बैलासारखी. हँडल शिंगांसारखं रुंद,
टायर मनगटाएवढं, अंगठ्यानं दाबलं तर दबणारं.
"हवा काढ," इराती म्हणते. "अजून काढ."
ज्यानं अकरा वर्षं हवाच भरली, त्याला!
इराती सोळाची, बेकरीवाल्याची धाकटी.
तिच्या गुडघ्यांवर या डोंगराचा नकाशा आहे,
जुनी वळणं पांढरी, नवी लाल.

पाऊस थांबून तास झाला,
बीचची झाडं अजून आपापला पाऊस पाडतायत.
मुळं साबणासारखी.
मेंढ्या रवंथ न थांबवता बघतात.
पहिल्या उतारावर मी झाडाकडे पाहिलं
आणि झाडात गेलो.
मग दगडाकडे पाहिलं. दगडात.
इतकी आज्ञाधारक सायकल
मला शर्यतीत कधी मिळाली नाही.

"झाडाकडे नको बघू!" वरून इराती ओरडते,
"वाट बघ!"
"कुणाची?" मी चिखलातून.
ती हसत नाही.
"वाट. आहे ती. दहा हात पुढची."

आन्दोनीचा फोन आला.
म्हणाला, म्हातारचळ लागलाय तुला.
म्हटलं, असेल.
म्हटलं, पायांवर केस आलेत.
तिकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

तीन रविवार गेले कळायला
की पुढे चाक नाही.
वारा फोडायला कुणी नाही, आणि वाराही नाही.
झाडं अडवतात, कुणी न सांगता.
टाचा खाली, ब्रेकवर एकच बोट,
बाकीची मूठ मोकळी.
चौथ्या रविवारी एका वळणावर
मी वळणाच्या पलीकडे पाहिलं,
जिथं अजून पोचलो नव्हतो तिथं,
आणि सायकल मला तिकडे घेऊन गेली.
एवढंच. फार तर चार सेकंद.
नेच्याची पानं, एक मोडकं फाटक, खाली ढग.
मी मोठ्यानं काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही.

ओढ्यापाशी इराती थांबलेली.
मी दोन बाटल्या आणल्या होत्या, सवयीनं.
दुसरी कुणासाठी, तिनं विचारलं नाही.
अर्धी संपवली, बाहीनं तोंड पुसलं,
आणि दगडांवरून खडखडत पलीकडे गेली.
मी निघालो मागून.
तिच्या चाकाकडे पाहत,
वीतभर अंतर ठेवून,
थेट पाण्यात.