पत्ता

एकतीस वर्षं मी या भागात टपाल वाटलं.
कुठल्या कुत्र्याला पाव टाकायचा,
कुठल्या दारात उभ्याउभ्या कॉफी प्यायची, सगळं पाठ.
फक्त टोमॅटोच्या शेतांपलीकडे, जुन्या धावपट्टीवर,
पत्र्यांची, फळ्यांची, प्लास्टिकची वस्ती होती
तिथे एकदाही गेले नाही.
तिथलं टपाल यायचंच नाही.
निदान माझ्या थैलीत तरी.

निवृत्त झाल्यावर टँकरपाशी क्वाबेना भेटला.
एक डोळा फवारणीत गेलेला, दुसऱ्याने नीट बघणारा.
म्हणाला, मावशी, तू पोस्टातली ना?
मग सांग, पत्ता कुठे मिळतो?

मी हसले. तो हसला नाही.
पत्ता नाही म्हणून नगरपालिका नोंद करत नाही,
नोंद नाही म्हणून परवाना अडतो,
परवाना नाही म्हणून कोणी खोली देत नाही,
खोली नाही म्हणून पत्ता नाही.
हे त्याने काडीने मातीत गोल काढून दाखवलं,
स्वतः मधोमध उभा राहून.

शनिवारी सभा. जनरेटर बंद, डिझेल वाचवायला.
अंधारात पाच भाषा, सहावी माझी.
एब्रिमा म्हणाला, संप करू.
ओसारेतिन म्हणाली, करू, पण आधी मोजू.
आपण किती आहोत ते मुकादमाला माहीत आहे,
आपल्याला नाही.

मग मोजलं.
चर्चच्या दाराचा उरलेला निळा रंग
पाद्रीबाबांनी काही न विचारता दिला.
फळीवर, पत्र्यावर, मोडक्या फ्रीजच्या दारावर
एक ते दोनशे चौदा.
सतरा आमच्याकडे अशुभ. मी म्हटलं, गाळू या.
ओसारेतिनने ब्रश घेतला
आणि सतरा स्वतःच्या दारावर काढला, सगळ्यांत मोठा.

कारकून म्हणाला, अशी गल्लीच यादीत नाही.
मी म्हटलं, माझा बाप बेल्जियमच्या खाणीत होता.
पाकिटामागे लिहायचा: बराक बारा.
पत्र्याचीच होती. पत्रं पोचायची.
तो म्हणाला, बाई, रांग खोळंबलीय.
रांगेतले सगळे आमचेच होते.

तेव्हा आम्ही पत्रं लिहिली. शेजाऱ्याने शेजाऱ्याला.
ज्याला लिहिता येत नव्हतं त्याने चित्र काढलं:
बकरी, आई, एक ट्रॅक्टर.
तिकिटांना पैसे क्रेटमागे दोन नाणी जमवून.
पहिल्या खेपेला सगळी परत आली,
शिक्का: ठावठिकाणा अज्ञात.
शिक्का माझ्याच टेबलावरचा. ओळखला मी,
त्याचा एक कोपरा उडालाय.
दुसऱ्या खेपेलाही परत.
तिसऱ्या वेळी मी मिर्कोच्या घरी गेले.
माझ्या जागी लागलेला पोरगा, चोवीस वर्षांचा.
काही बोलले नाही. त्याच्या आईशी वांग्यांबद्दल बोलले.
निघताना म्हटलं, धावपट्टीवर कुत्री नाहीत, घाबरू नकोस.

त्या सकाळी मुकादमाच्या गाड्या वळणावर
हॉर्न देत राहिल्या, देत राहिल्या.
कोणी हललं नाही.
संप वगैरे काही नाही म्हणे,
टपाल यायचंय.
साडेदहाला स्कूटर आली, धुळीने पांढरी.
सत्तावन्न कुठे? मिर्कोने विचारलं,
आणि एक माणूस, पन्नाशीचा, हात वर करून पळत आला
शाळेतल्या पोरासारखा.

अठ्ठावीस नोंदी झाल्या. बाकीच्या विचाराधीन.
मजुरी क्रेटमागे थोडी वाढली, पाणी अजून टँकरचंच.
जानेवारीत शेगडी उलटली
आणि साठपासून सहासष्टपर्यंत सगळं जळालं.
एब्रिमाला दवाखान्यात नेलं, तिथून दुसऱ्या,
मग खिडकीवरची बाई म्हणाली, या नावाचं कोणी नाही.
मी तिला नंबर सांगितला: त्रेसष्ट.
तिने परत बघितलं. पत्ता लागला नाही.

त्याच्या नावाचं एक पाकीट अजून मिर्कोच्या थैलीत आहे.
परत पाठवत नाही. शिक्का मारत नाही.

दुसऱ्या दिवशी राख गरम असतानाच
क्वाबेनाने त्या जागी एक खांब रोवला,
निळ्या रंगाचा डबा खरवडून त्यावर त्रेसष्ट लिहिलं,
आणि मग सगळे फळ्या शोधायला गेले.