पंधरा हात वरून

वैनगंगेला आता काठच नाही.
डोंगा एकट्यानं लोटला तेव्हा पाणी निजलेलं,
अर्ध्यात वारा उलटला.
लाटा अशा, जणू खालून कोणी
वाकळ झटकते.

गुडघ्यांत टोपलं, टोपल्यात शिंगाडे.
टमरेलानं उपसतो, वल्हं मारतो,
पुन्हा उपसतो.
नाक घराकडं नको, वाऱ्याकडं ठेव,
फुलवंताआत्या म्हणायची.
अर्धे शिंगाडे गेले. जाऊ दे.

पैलतीर दिसत नाही. मग खांब दिसतो
विजेचा, तारांविना, वर पाणकावळा.
म्हणजे खाली दिघोऱ्यांचं आंगण.
इथून डावीकडं गल्ली,
गल्लीच्या टोकाला चिंच.

वल्हं तिच्या वाळल्या शेंड्याला लागतं,
खट्ट.

बरोबर चाललोय.
शाळेत जायचो तीच वाट,
फक्त पंधरा हात वरून.