सभासद क्रमांक एकशे बारा

शाळेच्या चित्रकलेच्या हॉलमध्ये शनिवारी साडेसहाला
आम्ही जग दाखवतो.
वर्गणी वर्षाची आठशे, विद्यार्थ्यांना निम्मी,
चहा वेगळा.
दारावर पानसे सरांच्या अक्षरात सूचना:
चित्रपट सुरू झाल्यावर कुजबुजू नये.
कळला नाही, तर नंतरही विचारू नये.

माझं काम कार्डं बघायचं, खुर्च्या उलगडायच्या,
पोस्टर कलरच्या वासात
खिडक्यांना काळे पडदे लावायचे.
एक पडदा वीतभर तोकडा आहे,
तिथून एरंडवण्यातला एक दिवा
प्रत्येक देशाच्या रात्रीत शिरतो.

रिसबूड सव्वासहालाच येतात.
सातव्या वर्षी तापात कान गेले,
मग खडकीच्या कारखान्यात अडतीस वर्षं,
ज्या आवाजात इतरांचे कान जात राहिले
त्यात हे शांत उभे.
मराठी सिनेमाला ते जात नाहीत.
"तिथे सगळे ऐकतात," कुमुदिनीबाई एकदा म्हणाल्या,
"इथे सगळे वाचतात."
म्हणून फिनलंड, म्हणून इराण, म्हणून कुठलंही.
खालच्या पांढऱ्या ओळीपाशी
सबंध हॉल त्यांच्या शेजारी येऊन बसतो.

हंगामातला चौथा चित्रपट एस्टोनियाचा.
नाव उच्चारायची वेळ आली तेव्हा
पानसे सरांना खोकला आला.
दिवे गेले. बर्फ. एक घर.
एक बाई बटाटे सोलतेय.
ती बोलली
आणि खाली काहीच आलं नाही.

तौसिफनं फाइल बंद केली, उघडली,
केबल काढून फुंकर मारली.
पुन्हा बाई, पुन्हा बटाटे, पुन्हा नुसता बर्फ.
पानसे सर उठून म्हणाले,
ज्यांना जायचंय त्यांनी जावं, वर्गणी परत मिळणार नाही.
त्यामुळे कोणी गेलं नाही.

वीस मिनिटं आम्ही चुळबुळलो,
जत्रेत हात सुटलेल्या पोरांसारखे.
मग अंधारात कोणीतरी हसलं,
एकटंच, मोठ्यानं,
स्वतःचा आवाज कधी न ऐकलेलं हसू.
पडद्यावर तर कोणी हसत नव्हतं.
एक म्हातारा फक्त टोपी कुठे ठेवावी बघत होता.
आम्ही नीट बघितलं. खरंच,
त्या घरात त्याच्या टोपीला जागा नव्हती.

त्यानंतर अर्धा हॉल पडद्याकडे
आणि अर्धा रिसबूडांच्या मानेकडे बघत राहिला.
ते पुढे झुकले की आम्ही झुकायचो.

चहाला सगळी गर्दी त्यांच्याभोवती.
बोटं भराभर, कुमुदिनीबाई मागून धापा टाकत:
ती बहीण. धाकटी. घर तिच्या नावावर,
आणि त्याला ते कळलंय हे तिला कळलेलं नाही.
आणि बटाटे?
सोलले तिघांचे, जेवायला दोघं.
पानसे सर स्वतःच्याच सूचनेखाली उभे राहून विचारत होते,
मग त्या पत्रात काय होतं?
रिसबूडांनी हात झटकले.
पत्र त्यांनाही वाचता आलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी तोच चित्रपट, ओळींसकट.
बहीण नव्हती, घरमालकीण होती.
भाडं थकलेलं. मुलगा दर्यावर.
पत्रात बोटीचं वेळापत्रक.
सगळं जुळत गेलं
आणि कुणाचा तरी पंचनामा ऐकल्यासारखं वाटलं.
म्हातारा टोपी घेऊन उभा राहिला तेव्हा
खाली ओळ आली: बाहेर थंडी आहे.
रिसबूड हसले नाहीत. वाचत होते.

खुर्च्या मिटताना सूचनापेटीत चिठ्ठी सापडली,
यंत्राच्या नकाशावर असतं तसं सरळ अक्षर:
भाषांतर चुकलेले आहे. संबंधितांना कळवावे.
स. क्र. ११२.

संबंधित म्हणजे कोण, यावर
समितीची एक बैठक झाली. ठराव झाला नाही.
चिठ्ठी माझ्याकडे आहे, कार्डांच्या डब्यात.
आणि त्या तोकड्या पडद्याला जोडायचं कापड
लक्ष्मी रोडवरून आणायचं
मी अजून टाळतेय.