सीटची दांडी

अॅल्युमिनियमला गंज चढत नाही,
असं तू वीस वर्षं सांगत आलास.
खरंय. पण पांढरी भुकटी धरते,
आणि रंग तिच्यावर नुसता तरंगत राहतो.
नख लावलं की सुटतो,
उकडलेल्या बटाट्याच्या सालासारखा.

गुडघ्यात कुठला धातू बसवला
ते तू डॉक्टरांकडून लिहून घेतलंस.
सायकल मात्र जिन्याखाली,
चुरींच्या कुंड्यांना टेकून.
"भंगारात सहाशे येतील," म्हणालास.
मी म्हटलं, रंगवते.
तू हसलास,
मग काठी घेऊन गच्चीवर आलास,
एक मजला, एक विश्रांती.

फेब्रुवारी. माहीमच्या खाडीवरचा वारा
बारा ते तीन जरा कोरडा असतो.
टाकीला पाठ लावून घासायला बसले.
काळ्याखाली लाल निघाला,
लालखाली कंपनीचा करडा,
आणि मग मोदकपात्राची चमक.
"गोल नको, लांबीला घास," तू.
"आता चारशेचा पेपर," तू.
"पाणी लाव," तू.

फ्रिजवरचं स्ट्रॉबेरीचं लोहचुंबक
सहज लावून पाहिलं.
फ्रेमवरून टपकन पडलं.
सीटच्या दांडीला मात्र खटकन चिकटलं.
दांडी लोखंडाची.
आणि तीच निघेना.

उकळतं पाणी ओतलं. खोबरेल.
डबीतलं फवारायचं तेल. रात्रभर अमोनिया,
ज्याच्या वासाने चुरी वर येऊन गेले.
शेवटी कोयलोबाईंचा गॅरेजवाला भाचा
हातभर पान्हा घेऊन लोंबकळला.
म्हणाला, "आंटी, दोन वेगळे धातू,
वर ही खारी हवा, मधे कुणी ग्रीस लावलं नाही.
आता हे एकच समजा.
काढायचं तर कापायला लागेल."

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस,
मी तुझ्याकडे.
टाकीत पाणी चढायला लागलं
आणि आम्ही तिघंही ते ऐकत राहिलो.

दांडीला कालचा पेपर गुंडाळला,
शब्दकोड्याचं पान.
आडवा सात तुला सुटला नव्हता,
म्हणून चिकटपट्टी लावायला तासभर थांबले.

नागदेवीच्या दुकानात म्हटलं, आमसुलाचा रंग हवा.
त्याने शेडकार्ड उलगडलं, मिटलं.
"मरून घेऊन जा, मॅडम."
त्याआधी एक पिवळट प्रायमर दिला,
तो म्हणे धातूला आधी किंचित खातो,
मगच धरतो.

कपड्यांच्या तारेला फ्रेम टांगली.
डबा हलवला, आतली गोळी टिकटिकली,
आणि पहिला फवारा
चुरींच्या चादरीच्या कोपऱ्यावर.
दुसरा बरा गेला. तिसऱ्याला हात थांबला,
पेडलपाशी एक ओघळ उतरला
आणि मधेच सुकला.
मी पेपर शोधायला लागले, पुन्हा घासायला.
"राहू दे," म्हणालास.
एकतीस वर्षांत हा शब्द
तुझ्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

आमसूल काही जमलं नाही.
बिटाची कोशिंबीर झाली.

आठ दिवस वाळू दिली. रविवारी सहाला
शीतलादेवीच्या मागच्या गल्लीत आणली.
सीट तुझ्या उंचीवर, कायमची.
डाव्या पायाचा अंगठा तेवढा टेकतो माझा.
उजवा टेकतच नाही.
तू मागून सीट धरलीस, काठी काखेत,
आणि दूधकेंद्राजवळ सोडलीस की सुटली,
ते आपण दोघंही सांगत नाही.

इथून कंपाउंडची भिंत खाली राहते.
पलीकडे कुणाचं तरी अंगण,
जाळ्यांचा ढीग, ढिगावर कुत्रं,
आणि एक बाई दात घासता घासता
माझ्याकडे बघत होती.
हे इतकी वर्षं तुला रोज दिसत होतं
आणि कधी बोलला नाहीस.

"ब्रेक!" तू मागून.
लावला.
अंगठा जमीन शोधत राहिला थोडा वेळ.