पातळ

सोहारला टँकर उभे राहतात त्या रस्त्यावर आमची फार्मसी.
रात्रीचे नऊ, बाहेर अजून एक्केचाळीस.
मुनाफ परकार आधी बाम घेतो,
मग खोकल्याच्या गोळ्या, खोकला नसताना,
मग दारातल्या वजनकाट्यावर उभा राहून
विचारतो, शाजी कधी येणार?
शाजी कोट्टयमला, सुट्टीवर.
मी मराठी आहे कळल्यावर तर
तो आणखीच अवघडतो.
मल्याळ्यापुढे बोट दाखवून भागतं,
आपल्या माणसापुढे नाव घ्यावं लागतं.

आणि आपल्याकडे नाव तरी कुठलं?
आरोग्य केंद्राच्या भिंतीवर, लाल त्रिकोणाखाली
एक सरकारी शब्द होता.
तिसरीत असताना मोठ्यानं वाचला
म्हणून मी पाठीत धपाटा खाल्ला होता.

बायको येतेय. जैबून. तीन आठवड्यांचा व्हिसा.
दुसरं सीझर. डॉक्टरीण म्हणाली, दोन वर्षं तरी नको.
हे तो मला नाही, वजनकाट्याला सांगतो.
"ह्ये सगल्यात पातल हाय. फाटनार नाय ना?"

पातळ म्हणजे कच्चं नव्हे, मी म्हणते.
जाड असो, पातळ असो,
पाणी भरून, हवा भरून तपासतात कारखान्यात.
फाटतं ते बहुतेक आपल्या घाईनं.
पाकीट दातानं फोडू नका. नखं कापा.
टोक चिमटीत धरा, आत हवा नको.
अगदी सुरुवातीपासून, मध्येच आठवण झाल्यावर नाही.
एकावर एक दोन तर मुळीच नकोत,
दोन भित्रे मिळून एक धीट होत नाही.
झालं की लगेच, कडा धरून, बाजूला.

तो आता माझ्याकडे बघतो.
रबराचं बोलणं त्याला कळतं,
व्हॉल्व्ह, नळी, वॉशर, अकरा वर्षं तेच.

"येक पाकीट गाडीत हाय. मार्चपास्नं.
व्हिसा कवा येल काय सांगता, म्हनून घेऊन ठेवलेलं."
डॅशबोर्डच्या खणात.
आता जुलै संपत आलाय.
दुपारी ओला पंचा गुंडाळल्याशिवाय
स्टिअरिंगला हात लावत नाहीत इथे,
आणि ते तिथे चार महिने वाट बघत पडलंय.
वाट बघून माणूसही ठिसूळ होतो,
पण माणूस पुन्हा मऊ होतो. हे होत नाही.
फेकून द्या, मी म्हणते. कडक वॉशर ठेवता का तुम्ही?

"आनि खोबरेल? आयनं दापोलीस्नं धाडलंय."
डोक्याला लावा, म्हणते. फक्त डोक्याला.
तेलानं रबर विरतं.
आणि पाण्यातल्या जेलची ट्यूब पुढे सरकवते.
पैसे देताना तो खोकतो. खरंच.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी
बुरख्यातली एक ठेंगणी बाई तडक काउंटरशी येते.
"आमचे गाडीत बसल्यात. लाजतात."
पाकीट उलटं करून ट्यूबलाइटखाली धरते,
महिना वाचते, साल वाचते, खणखणीत,
वर्गात उभं राहून उतारा वाचावा तसं.
तिच्या पाठीत धपाटा घालणारं इथे कुणी नाही.
परतलेला शाजी उगाच खोके मोजू लागतो.
"ह्येच. कपाटात ठेवते मी, वढनींच्या घडीत,
तितं येशीचा वारा लागतो."

मी बारांचं पाकीट पिशवीत घालू लागते.
"नको," जैबून म्हणते, "तीनवालं द्या.
सोमवारचं इमान हाय."